दवाखान्याचा डावा बाण

वस्तीतली सगळी अक्षरं एकाच हातची आहेत. शाळेचं नाव, लाँड्रीची वेळ, पाण्याच्या टाकीवरचा आकडा, जिन्यासमोर गाड्या लावणाऱ्यांना दिलेली तंबी, सगळं पेंटरबाईंनी रंगवलेलं. बाहेरून आलेल्या माणसाच्या हे लगेच लक्षात येत नाही. चार पाट्या वाचून झाल्या की मात्र त्याला वाटायला लागतं, मघापासून कुणीतरी एकच माणूस आपल्याशी बोलतोय.

पेंटरबाई अठ्ठावन्न वर्षांच्या आहेत. ब्रश त्यांच्याकडे वडिलांकडून आला. घरामागच्या अंगणात दोन स्टुलं, त्यांवर आडवा टाकलेला पत्रा, बाजूला टर्पेंटाइनचा डबा, एवढा त्यांचा कारखाना. छापील फ्लेक्स आले तेव्हा बऱ्याच पेंटरांनी ब्रश धुऊन ठेवून दिले. बाईंनी ठेवला नाही. "फ्लेक्स दोन उन्हाळ्यांत फाटतो," त्या म्हणायच्या. "फाटला की येतील माझ्याकडे." काही आले, काही नाही आले. बाई गाड्यांच्या नंबरप्लेटा आणि टपालपेट्यांवरची नावं रंगवत राहिल्या.

आपल्या हातून कधी चूक झाली नाही याचा त्यांना अभिमान होता आणि तो त्या लपवत नसत. नवरा भाजीची पिशवी विसरला तरी त्याला ऐकावं लागे, "चौतीस वर्षांत माझा एक काना इकडचा तिकडे झालेला नाही, आणि तुम्हाला दोन जिन्नस लक्षात राहात नाहीत." बोर्ड पुरा झाला की त्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात त्या मुगाएवढे तीन ठिपके देत. ती त्यांची सही. ठिपके पडले म्हणजे काम त्यांच्या मनासारखं झालं.

फक्त एका बोर्डावर ते ठिपके नव्हते. तो तिठ्यावर होता, दवाखान्याचा. का नव्हते, हे फक्त आपल्यालाच माहीत आहे अशी बाईंची समजूत होती.

झालं होतं असं. दवाखाना सुरू झाला त्या वर्षी डॉक्टरांनी तिठ्यावर लावायला बोर्ड सांगितला. बस थांब्यावरून चालत आलं की तिठा लागतो. तिथून उजवीकडे वळलं की मोठा रस्ता आणि दीडशे पावलांवर दवाखान्याचं फाटक. डावीकडे घरांच्या मागून वळसा घेत जाणारी गल्ली, जी दवाखान्याच्या पाठीमागच्या भिंतीशी जाऊन संपते. डॉक्टरांना अर्थातच उजवा बाण हवा होता. बाई तेव्हा चोवीस वर्षांच्या. वडिलांनी त्यांच्यावर एकटीवर सोपवलेलं ते पहिलं मोठं काम.

पद्धत अशी, की आकृती आधी कागदावर काढायची, रेघेवर सुईने बारीक भोकं पाडायची, कागद पत्र्यावर ठेवायचा आणि फडक्यात बांधलेली खडूची पूड त्यावर थापटायची. कागद उचलला की पत्र्यावर ठिपक्यांची रेघ उमटते. अक्षरांचा कागद उलटा पडला तर आंधळ्यालाही कळेल. बाणाचा कागद वेगळा होता. तो पालथा पडला. बाण पालथा पडला तरी बाणच दिसतो.

आठ दिवसांनी बाई तिठ्यावरून जाताना जागच्या जागी थबकल्या. बाण डावीकडे होता.

दुसऱ्याच दिवशी शिडी घेऊन जायचं त्यांनी ठरवलं. पण तिठ्यावर भर दिवसा शिडी लावायची म्हणजे सगळी वस्ती मान वर करून बघणार. 'बाईमाणसाचा हात, काय होणार दुसरं,' असं म्हणायला टपलेले दोन-तीन पेंटर तेव्हा होते. म्हणून त्यांनी उद्यावर ढकललं. मग परवावर. महिन्याभराने एका दुपारी गर्दी नाही असं बघून त्या गेल्या खऱ्या, पण आधी गल्लीत डोकावल्या. गल्लीच्या वळणावर एका शिंप्याने दारात शिलाई मशीन मांडलं होतं आणि त्याच्यापुढे दोन बायका कापड घेऊन उभ्या होत्या. बाईंनी शिडी लावली, पातीने आपले तीन ठिपके खरवडून काढले आणि खाली उतरल्या. बाण तसाच राहिला.

दर पाच वर्षांनी डॉक्टर बोर्ड उजळायला सांगत; बाण कुठे असावा, हे मात्र ते पुन्हा कधी बोलले नाहीत. म्हणजे सहा वेळा तो बाण त्यांच्या ब्रशखाली आला. दर खेपेला गल्लीत दोन दुकानं वाढलेली असत. दर खेपेला त्यांनी तो डावीकडेच रंगवला, आणि ठिपके न देता घरी आल्या.

या वर्षी वाचनालयाने आपली बाहेरची लांब भिंत रंगवायचं काढलं. समितीला तिच्यावर काहीतरी छानसं चित्र हवं होतं. बाई म्हणाल्या, "चित्र बघून लोक पुढे जातील. नकाशा काढू आपल्या वस्तीचा. त्यात जो तो स्वतःला शोधत उभा राहील." समितीने मान डोलावली आणि नकाशा बरोबर यावा म्हणून मदतीला फूटपट्टीकाका दिले.

फूटपट्टीकाका म्हणजे जमीनमोजणी खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. वय चौऱ्याहत्तर. सदऱ्याच्या खिशात कायम सहा इंची पट्टी, म्हणून हे नाव. ते चहाच्या कपाची उंचीही मोजतात, अशी वस्तीत थट्टा होती. त्यांनी ती एकदा खरोखरच मोजली होती, पण त्याला कारण होतं, असं ते सांगत.

ते पहिल्याच दिवशी जुन्या मोजणीची सुरळी घेऊन आले. "बाई, हा घ्या नकाशा. पस्तीस वर्षांपूर्वी मी स्वतः साखळी ओढलीय. भिंतीएवढा मोठा करा, रंग भरा, झालं."

"काका, हा जमिनीचा झाला," बाई म्हणाल्या. "मला लोकांचा हवाय."

"लोक हलतात. जमीन हलत नाही. नकाशा न हलणाऱ्या गोष्टीचा काढतात."

बाईंनी ऐकलं नाही. सहा संध्याकाळी, सहा ठिकाणी, त्यांनी एक टेबल, दोन खुर्च्या आणि खाकी कागदाचा गुंडाळा मांडला. पहिल्या दिवशी बस थांब्यावर, मग शाळेच्या फाटकाशी, टाकीखाली, लाँड्रीपुढे, असं. त्यांचा नियम एकच होता. समोर बसलेल्या माणसाने 'आमच्याकडे अमुक आहे, तमुक आहे' असं सांगायचं नाही. बाई म्हणत, "घरातून निघा आणि मला चालत न्या." तो माणूस बोलत जाई, बाई खडूने रेघ ओढत जात. दर माणसाचा रंग वेगळा.

काय काय निघालं त्यातून. एक बाई रोज लांबून जात, कारण जवळच्या वाटेवर त्यांच्या जावेची खिडकी होती. निवृत्त पोस्टमनने भुंकणारी पण न चावणारी कुत्री, आणि न भुंकता चावणारं एक, यांच्या जागा खुणेने दाखवल्या. गुडघे दुखणाऱ्या सगळ्यांना बंद पडलेल्या बँकेची तिसरी पायरी माहीत होती, कारण ती बरोबर बसायच्या उंचीची होती. वस्तीत ज्यांना सगळे रेडिओ म्हणतात त्या मावशींनी एकटीने दीड तास घेतला आणि शेवटी म्हणाल्या, "बाकीचं उद्या सांगते. आज मी मोजकंच बोलले."

पहिले तीन दिवस फूटपट्टीकाका हाताची घडी घालून लांब उभे होते. चौथ्या दिवशी खुर्ची ओढून बसले. पाचव्या दिवशी त्यांनी स्वतःच एका माणसाला दटावलं, "घरातून निघा म्हटलं ना? मधूनच काय सुरू करता?"

सहाव्या संध्याकाळी सगळे कागद वाचनालयाच्या जमिनीवर जोडून पसरले. रंगांवर रंग चढले होते. जिथून जास्त माणसं जात तिथे रेघांची दोरी झाली होती, आणि सगळ्यांत जाड दोर मोठ्या रस्त्यावर नव्हता. तो तिठ्यावरून डावीकडे वळला होता आणि मागच्या गल्लीतून वळसे घेत दवाखान्याच्या पाठीमागच्या दाराशी पोचला होता.

काका गुडघ्यांवर बसले, चष्मा कपाळावर चढवला, आपली सुरळी शेजारी उलगडली. "हे कसं काय?" ते म्हणाले. "माझ्या मोजणीत इथे घरांच्या पाठी आणि एक नाली होती. माणसाला इकडे यायचं काही कारणच नाही. उजवीकडून दीडशे पावलं, डावीकडून चारशे दहा. कोण शहाणा चारशे दहा चालेल?"

"मी तीस वर्षं चालतोय," लाँड्रीवाला म्हणाला. "वाटच ती आहे."

"पण का आहे?"

सगळ्यांच्या माना टेलरमास्तरांकडे वळल्या. गल्लीत सर्वांत जुने तेच. ते म्हणाले, "मला कारणबिरण माहीत नाही. लोक यायचे आणि दवाखाना कुठे म्हणून विचारायचे. दिवसातून वीस वेळा उठून दारात यावं लागायचं. म्हटलं, उठायचंच आहे तर मशीनच दारात मांडू. लोक यायचे आणि उभ्या उभ्या बटण लावून घ्यायचे. मग त्यांना बसायला बाक टाकला, तर बाकाशेजारी चहावाला आला. मग चावीवाला. आता अकरा दुकानं आहेत."

"आणि डॉक्टरांनी मागचं दार का उघडलं?"

"लोक मागूनच यायला लागले तर काय करणार? आधी घंटी बसवली, मग पायऱ्यांऐवजी उतार केला. पुढच्या फाटकापाशी आता त्यांच्या मुलीची गाडी असते. नव्या डॉक्टरीणबाई."

काकांचं समाधान झालं नाही. बाई रेघांच्या दोराकडे बघत होत्या. एरवी अशा वेळी सगळ्यांत मोठा आवाज त्यांचा असायचा. त्या दिवशी त्यांनी खाली वाकून खडू गोळा करायला घेतले.

दुसऱ्या दिवशी वॉर्ड ऑफिसचा इंजिनीअर वाचनालयात आला. तरुण होता, नम्र होता, घाईत होता. सगळ्या चौकांतल्या जुन्या पाट्या काढून एकसारख्या नव्या लावायच्या होत्या. बाण कुठे दाखवायचे याची यादी त्याला सोमवारी द्यायची होती, आणि काकांनी सही केलेला नकाशा मिळाला तर त्याचं काम हलकं होणार होतं.

"दवाखान्याचं अधिकृत प्रवेशद्वार मोठ्या रस्त्यावर आहे," तो कागद बघून म्हणाला. "म्हणजे बाण उजवीकडे. आत्ताचा चुकीचा दिसतोय."

टेलरमास्तर तिथेच होते. "साहेब, असं करू नका," ते म्हणाले. "आमच्या गल्लीत गिऱ्हाईक म्हणून कुणी येत नाही. दवाखान्यात निघालेला माणूस येतो, आणि जाता जाता गिऱ्हाईक होतो. बाण फिरला तर गल्ली बसली."

"समजतं मला. पण यादीत कारण लिहावं लागतं. जवळची वाट सोडून लांबची का दाखवली, याला काहीतरी आधार हवा. आहे का कुणाकडे?"

काकांनी नकारार्थी मान हलवली. मास्तरांनी खांदे पाडले. इंजिनीअर म्हणाला, "सोमवारी सकाळी येतो. तोवर मिळाला तर बघा."

बाईंनी त्या रविवारी तीन नंबरप्लेटा रंगवायला घेतल्या आणि एकही पुरी केली नाही. सांगावं, तर चौतीस वर्षांचं नाव जाणार. आणि नाव जाऊनही गल्ली वाचेल याची खात्री नव्हती. चुकीचा बाण आहे असं रंगवणारीच म्हणाली, तर इंजिनीअर म्हणणार, मग दुरुस्त करू. न सांगावं, तर बाण फिरणार हे नक्की.

त्यांचा नवरा बस ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेला. अंगणात स्टुलावर बसून तो वर्तमानपत्र वाचत होता. म्हणजे वाचल्यासारखं करत होता.

"अहो," बाई म्हणाल्या, "एखादं काम चुकलं, आणि त्या चुकीवर लोकांचं बरं चाललं, तर ती चूक म्हणायची का?"

"तिठ्यावरच्या बोर्डाबद्दल बोलतेस ना?"

बाईंचा ब्रश हवेतच थांबला.

"अगं, सत्तावीस वर्षं मी बस घेऊन त्या तिठ्यावरून वळलो. सिग्नलला थांबलं की समोर तोच बोर्ड. तुझ्या सगळ्या बोर्डांवर तीन ठिपके, त्या एकावर नाहीत. आणि बाण आहे डावीकडे, फाटक आहे उजवीकडे. एवढं न कळायला मी काय डोळे मिटून गाडी चालवायचो?"

"मग बोलला नाहीत कधी?"

"तू रोज म्हणायचीस, चौतीस वर्षांत एक काना इकडचा तिकडे झाला नाही. काना झाला नव्हता. मी कशाला मध्ये बोलू?" त्याने वर्तमानपत्राचं पान उलटलं. "आणि पिशवी विसरल्यावर ऐकून घेताना मला त्याचा आधार वाटायचा."

बाईंनी त्याच्याकडे रागाने बघितलं. मग त्यांना हसू आलं, ते त्यांनी नंबरप्लेटेकडे तोंड करून हसून घेतलं.

सोमवारी सकाळी वाचनालयापुढे बरीच माणसं जमली होती. गल्लीतले अकराही दुकानदार आले होते. भिंतीवर पांढरा हात मारून झाला होता आणि खाकी कागद तिच्यावर टाचले होते. इंजिनीअरने विचारलं, "मिळालं काही?"

"मिळालं," पेंटरबाई म्हणाल्या. "तो बाण माझ्याकडून चुकून डावीकडे गेला. कागद पालथा पडला. डॉक्टरांनी उजवा सांगितला होता. मला आठ दिवसांत कळलं आणि मी बदलला नाही. नंतर सहा वेळा रंगवला, तेव्हा माहीत असून डावाच रंगवला. काका विचारत होते ना, लोक इकडे का आले. त्याला कारण हे."

सगळे मान वळवून भिंतीवरच्या त्या जाड दोराकडे बघायला लागले. रेडिओ मावशीसुद्धा.

मग टेलरमास्तर म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं मी तुमच्या चुकीवर पोट भरतोय?"

"हो, मास्तर."

"मग आधी सांगायचं नाही का? दुकानाला तुमचं नाव दिलं असतं! उगाच माझ्या सासऱ्यांचं दिलं."

हशा पिकला. चावीवाला म्हणाला की आपणही बाईंच्या चुकीचेच, चहावाला म्हणाला की आपण चुकीच्या बाकाचे. इंजिनीअर मात्र हसला नाही. "बाई, तुम्ही प्रामाणिकपणे सांगितलंत. पण मग ही चूक आहे असंच ठरतं. मला ती दुरुस्त करावी लागेल."

बाई त्याच्याशी बोलल्या नाहीत. त्या फूटपट्टीकाकांकडे वळल्या. "काका, तुमच्या खात्यात कागद आणि जमीन जुळली नाही, तर काय दुरुस्त करायचात?"

काका पटकन म्हणाले, "कागद. जमीन कशी दुरुस्त करणार?" आणि मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी खिशातली पट्टी काढली, परत ठेवली आणि म्हणाले, "टेप आणा कुणीतरी. पन्नास मीटरचा."

चौऱ्याहत्तर वर्षांचा तो माणूस पुढे आणि त्याच्यामागे इंजिनीअर, बाई आणि अर्धी वस्ती, अशी वरात तिठ्यावरून निघाली. आधी उजवीकडे. मोठ्या रस्त्यावर ट्रकांची रांग होती. फाटकापर्यंत जायला दोनदा रस्त्यावर उतरावं लागलं, कारण पदपथ मध्येच संपत होता. फाटकाला कुलूप होतं. काकांनी कुलपाची नोंद केली. मग डावीकडे. गल्लीची रुंदी, मास्तरांचा बाक, दवाखान्याच्या उताराचा चढ, कठडा, घंटीची उंची, सगळं मोजलं. नोंदी सांगताना त्यांचा आवाज हळूहळू चढत गेला. नोकरीत असताना तो असाच चढत असावा.

"लिहून घ्या," ते इंजिनीअरला म्हणाले. "दवाखान्याचं वापरातलं प्रवेशद्वार मागचं. वाट गल्लीतून. अंतर जास्त, धोका कमी, मध्ये बसायची सोय. प्रत्यक्ष मोजणीवरून. जुना नकाशा या ठिकाणी रद्द. खाली माझी सही घ्या. तो नकाशाही माझाच होता, त्यामुळे रद्दही मीच करतो."

इंजिनीअरने लिहिलं. काकांनी सही केली आणि पेन टोपण न लावताच खिशात घातलं. सदऱ्यावर निळा डाग पडला, तो त्यांना दिवसभर दिसला नाही.

"एक राहिलं," इंजिनीअर म्हणाला. "नवा बोर्ड छापून येईल त्यावर बाण डावा येईल. पण जुनी पाटी चांगल्या अवस्थेत असेल तर ती ठेवता येते, अशी सोय आहे. ठेवू?"

"चांगल्या अवस्थेत म्हणजे काय?" बाई ताठ उभ्या राहिल्या. "हात लावून बघा. पोपडा निघाला तर सांगा."

पुढे महिनाभर भिंतीचं काम चाललं. काकांनी तिठ्यांमधली अंतरं मोजून दिली आणि बाईंनी ती पाळली. मात्र वाटांची जाडी लोकांच्या रेघांप्रमाणे ठेवली. बँकेची तिसरी पायरी भिंतीवर बँकेपेक्षा मोठी आहे. न भुंकता चावणारं कुत्रं लाल रंगात आहे. मागची गल्ली सगळ्यांत रुंद आहे, हातभर. रोज कुणीतरी तिथे उभा असतो आणि शेजारच्याला म्हणतो, "हे बघ, इथून मी निघतो." भिंत पुरी झाली त्या दिवशी बाईंनी खालच्या उजव्या कोपऱ्यात तीन ठिपके दिले.

मग त्यांनी उरलेला रंग डबीत ओतला, नवऱ्याला हाक मारली आणि तिठ्यावर गेल्या. भर दुपारची वेळ होती. बस थांब्यावर माणसं होती, सिग्नलला गाड्या होत्या. नवऱ्याने शिडी धरली. बाई वर चढल्या. बघता बघता मान वर करून बघणाऱ्यांची गर्दी झाली.

"काय हो पेंटरबाई," खालून कुणीतरी ओरडलं, "बाण फिरवताय की काय?"

"नाही," बाई मागे न बघता म्हणाल्या. "सही राहिली होती."

तीन ठिपके सारख्या आकाराचे आणि सारख्या अंतरावर आले. फूटपट्टीकाकांनी नंतर मोजून पाहिले.